दशमीची प्रतिपदा

"मग बंद करू ना, बाई?"

केतनने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पिशवीतून लॅपटॉप बाहेर काढला.

बाईंचं लक्ष कावळ्याकडे होतं. घरापुढच्या खळ्यात जुनं जाळं अंथरून त्यावर सुकट वाळत घातली होती, आणि माडाच्या झावळीवर बसून तो कावळा सुरुवात कुठून करावी याचा विचार करत होता.

"काय बंद करू?"

"दार. जुन्यांना."

"हाऽश!" बाईंनी काठी आपटली. कावळा उडून शेजारच्या माडावर जाऊन बसला. "कोणाला म्हणालास?"

"जुन्या आवृत्त्यांना, बाई."

"असं होय. मला वाटलं, मलाच सांगतोयस."

केतन हसला, पण जरा उशिराच हसला. येताना एसटीत बसून त्याने मनाशी जे काही घोकलं होतं, त्यात हेही थोडंसं होतंच.

आता हे दार कसलं आणि जुने कोण, ते आधी सांगून टाकायला हवं. नाहीतर कोणीही म्हणेल, सुकटीच्या गोष्टीत लॅपटॉप कुठून आला?

कुबलबाईंनी गावच्या हायस्कुलात जन्मभर गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला लागतात, बाई संगणकाला लागल्या. त्या किनाऱ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक असलेला एक हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. बाईंनी तो हिशेब संगणकाला शिकवला. मग त्यात चंद्र घातला, वारा घातला, खाडीच्या तोंडची वाळू घातली, आणि जे काही तयार झालं त्याला नाव दिलं 'उधाण'.

आणि मग ते फुकट वाटून टाकलं. नुसतं वापरायलाच नव्हे, तर आतला सगळा मजकूरही उघडा. घ्या, वाचा, सुधारा, चूक दिसली तर कळवा. याला ओपन सोर्स म्हणतात, हे बाईंना मागाहून कळलं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडे याला शेजारधर्म म्हणतात."

आज हे उधाण कुठे कुठे चालतं म्हणून सांगावं! बंदरांच्या कचेऱ्यांत चालतं, कॉलेजांच्या प्रयोगशाळांत चालतं, ज्यांची नावं घेताना जीभ अडखळते अशा परदेशी खाड्यांवर चालतं. एवढ्याशा गावातून निघालं आणि जगभर पोचलं, याचा गावाला केवढा अभिमान! आणि सगळ्यांत जास्त अभिमान केतन सारंगला.

तो बाईंचाच विद्यार्थी. पुण्यात मोठ्या कंपनीत इंजिनिअर. पण तू काय करतोस असं कोणी विचारलं, तर तो कंपनीचं नाव सांगत नसे. म्हणे, "मी उधाण सांभाळतो." आणि ते खोटं नव्हतं. गेली कित्येक वर्षं उधाणवर नाव बाईंचं होतं आणि हात केतनचे होते. रविवार त्याने त्यात घातले, दिवाळीच्या सुट्ट्या घातल्या. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सत्यनारायणाला बसायचं सोडून हा पठ्ठ्या एक चूक दुरुस्त करत बसला होता, आणि ती गोष्ट त्याची बायको अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

एकच गोष्ट त्याच्या हाती नव्हती. किल्ली.

उधाणची नवी आवृत्ती जगात सोडायची, तर तिच्यावर एका किल्लीची मोहोर उमटवावी लागते. संगणकातलीच किल्ली ती, पेनड्राइव्हवर ठेवलेली. ती मोहोर बघितली की लोकांना खातरी पटते, की हे खरं उधाण आहे, कोणा भामट्याने घुसडलेलं नाही. ती किल्ली बाईंपाशी होती. ज्याच्याकडे किल्ली, तो उधाणचा सारंग.

सारंग म्हणजे होडीचा मुख्य, ज्याचा शब्द पाण्यावर अखेरचा. केतनच्या घरात पणजोबांपासून सारंगकी होती, आडनावही तिथूनच आलेलं. घरची होडी आता राहिली नव्हती. पण उधाण होतं. आणि या होडीचा सारंग आपणच, आपल्याशिवाय दुसरा कोण, याबद्दल केतनच्या मनात तिळभरही शंका नव्हती.

तो किल्लीसाठीच आला होता.

सकाळी आला तेव्हा बाई घरी नव्हत्या. दाराला कुलूप. केतन खळ्यात उन्हात ताटकळत उभा राहिला, तशी शेजारच्या सुलोचनाकाकी कुंपणापलीकडून ओरडल्या, "अरे झिला, उभो कित्याक? कौलाखाली हात घाल!"

त्याने पडवीच्या कौलाखाली हात घातला. जुडगं हाताला लागलं. पितळी किल्ली, आणि तिच्यासोबत लाल दोऱ्यात ओवलेलं काहीतरी काळं, चपटं. बाटल्यांची बुचं उघडायचं असेल, असं त्याला वाटलं. पुण्यात कोणी असं कुलपाच्या शेजारी किल्ली ठेवली असती, तर केतनने त्याला सुरक्षेवर तासभर ऐकवलं असतं. इथे मुकाट्याने आत गेला, माठातलं पाणी प्याला, आणि जुडगं होतं तिथे ठेवून दिलं.

मग बाई बंदरावरून आल्या, चहा झाला, सुकट वाळत पडली, आणि विषय निघाला.

"जुने म्हणजे काय रे?" बाईंनी पायरीवर बैठक मारली. काठी मांडीवर.

केतन सरसावून बसला. हे भाषण त्याचं पाठ होतं.

"बाई, उधाण ज्या भाषेत लिहिलंय, ती संगणकाची भाषा दरवर्षी बदलते. तिची नवी आवृत्ती येते. तीन-सहा, मग तीन-सात, तीन-आठ, तीन-नऊ. जुन्या आवृत्त्या भाषा करणाऱ्यांनीच वाऱ्यावर सोडल्यात. त्यांना भोक पडलं तरी कोणी बुजवत नाही. पण लोकांच्या जुन्या संगणकांवर त्या अजून ठाण मांडून आहेत. म्हणून उधाणला सगळ्यांवर चालावं लागतं. नव्यात जे एका ओळीत होतं, ते जुन्यांसाठी दहा ओळींत करायचं. करतो कोण? मी."

"खरं आहे."

"अर्धा जीव जुनं सावरण्यात जातो. नवं काही करायला हातच उरत नाही."

"खरं आहे."

"आणि एवढं करून जुन्यांवर आहेत किती? शंभरात चार-पाच."

"कोण आहेत?"

"चार-पाच टक्के, बाई."

"कोण आहेत, विचारलं मी. किती ते कळलं."

केतनने कान खाजवला.

"ते... कळत नाही. आकडा येतो. नावं येत नाहीत."

"हं."

बाईंनी वाकून सुकट खालीवर केली. वास दरवळला. लांबवर समुद्राची गाज होती, तेवढीच.

केतन मनातल्या मनात बाह्या सरसावून तयार होता. आता बाई म्हणणार, जुन्यांना असं टाकू नये, बाबा. मग तो म्हणणार, बाई, भावनेने प्रकल्प चालत नाहीत. मग बाई काही बोलणार, मग तो असा काही मुद्दा काढणार की...

"बंद कर," बाई म्हणाल्या.

"अं?"

"बंद कर म्हटलं. सुकलेली झावळ माडसुद्धा धरून ठेवत नाही."

केतनला आनंद व्हायला हवा होता. पण लाठी परजत वेशीवर जावं आणि समोरच्याने गळ्यात गळा घालावा, तशी त्याची गत झाली. एवढे मुद्दे आणले होते, ते आता कुठे ठेवायचे?

"म्हणजे... तुमची हरकत नाही?"

"हरकत कसली? झेपेल तेवढंच उचलावं माणसाने. फक्त ते दार तू लिही. इथे बसून, माझ्यासमोर."

"आत्ता?"

"का, मुहूर्त बघायचाय? काल आला असतास तर मीच थांबवलं असतं. काल नवमी, रिक्ता तिथी, नव्या कामाला वर्ज्य. आज बेलाशक लिही."

केतनने बोटं मोडली आणि लॅपटॉप मांडीवर घेतला.

तो लॅपटॉपही बघण्यासारखा होता. त्यावर भाषेची नवीकोरी आवृत्ती होती, तीन-दहा. अजून भल्याभल्यांकडे पोचली नव्हती. ती निघाली त्याच दिवशी केतनने ती घेतली होती आणि मित्रमंडळींत तसं कळवलंही होतं. नव्यांतला नवा तो.

"सोपं असतं बाई हे. दारावर एक राखणदार उभा करायचा. येणाऱ्या संगणकाला तो विचारणार, तुझी आवृत्ती कोणती? तीन-नऊपेक्षा कमी असेल तर परत पाठवायचं. एका ओळीचं काम."

टकटक टकटक झाली. ओळ लिहून झाली. त्याने ती परत वाचलीही नाही. दाराच्या कडीला कोण दोनदा बघतं?

"आणि पाटी?"

"कसली पाटी?"

"बाहेरच्याला काही सांगशील की नाही? की नुसतं तोंडावर दार आपटणार?"

"सांगतो ना." केतनने पुन्हा टकटक केली आणि लिहिलेलं ठसक्यात वाचून दाखवलं. "'तुमची आवृत्ती कालबाह्य आहे. आधी स्वतःला अद्ययावत करा, मग या.'"

बाईंची भुवई वर गेली. "स्वतःला?"

"म्हणजे संगणकाला, बाई. पण असं लिहिलं की जरा ठसकेबाज वाटतं."

"ठसका लागलाच मला." बाईंनी काठी या हातातून त्या हातात घेतली. "दार कुठून लावणार? आतून की बाहेरून?"

केतनला हसू आवरेना. वय झालं की माणूस काहीही विचारतो. "आतूनच ना, बाई. आपण आत आहोत."

"आहोत ना?"

"म्हणजे काय!"

"बरं. मग जा आत. आजची भरती सांग."

तेवढ्यात कावळा उतरला. बाई "हाऽश! मेल्या!" करत खळ्याच्या पलीकडच्या टोकाला गेल्या. केतनने बटण दाबलं.

पडद्यावर अक्षरं उमटली.

तुमची आवृत्ती कालबाह्य आहे. आधी स्वतःला अद्ययावत करा, मग या.

केतनने डोळे चोळले. पुन्हा बटण दाबलं.

तुमची आवृत्ती कालबाह्य आहे...

घोटाळा कुठे झाला ते त्याला लगेच कळलं, आणि कळल्यावर कानशिलं तापली. राखणदाराने 'तीन-दहा' हा आकडा गणितातला म्हणून वाचला होता. तीन पूर्णांक दहा शतांश. शेवटचं शून्य गेलं की उरतं तीन पूर्णांक एक दशांश. आणि ते तीन पूर्णांक नऊ दशांशापेक्षा लहानच. झालं! भाषेची सगळ्यांत नवी आवृत्ती राखणदाराने सगळ्यांत जुनी ठरवली आणि केतनला दारातूनच परत पाठवलं.

नवशिक्यांची चूक. कंपनीत नवी पोरं ही चूक करत, तेव्हा केतन ती चारचौघांत मोठ्याने वाचून दाखवी. हशा पिके. सगळ्यांत मोठ्याने तोच हसे.

त्याने मान वर केली. बाई पाठमोऱ्या होत्या. कावळा आणि त्या, दोघांचं काही जुनं भांडण चाललं होतं.

एक शब्द बदलला की काम झालं. कोण बघतंय? 'सांगतो बाई, एक मिनिट,' म्हणायचं, कडी सरळ करायची, भरतीची वेळ वाचून दाखवायची, किल्ली घ्यायची आणि दुपारची गाडी पकडायची. चूक कोणाला दिसायची नाही. पोटात राहील आणि पोटातच जिरेल.

बोट बटणावर गेलं.

आणि तिथेच राहिलं.

त्या बंदरावर एक रीत आहे. होडी वाळूत बसली की आधी सारंगाने ओरडायचं. खलाश्यांनी बघितलं तरी तोंड उघडायचं नाही, कारण तो मान सारंगाचा. सारंगाने स्वतःच्या तोंडाने सांगितलं, तर ती नुसती अडकलेली होडी. पाणी आलं की निघेल. दुसऱ्याने सांगितलं, तर मात्र नाचक्की. केतनचे आजोबा तर म्हणत, शीड कोणीही ओढतो, सुकाणू कोणीही धरतो, ओरडतो तो सारंग.

केतनला ताठा होता. होता तर होता, नाकारण्यात काय अर्थ? पण तो ताठा नुसत्या लॅपटॉपचा नव्हता, आडनावाचाही होता. आणि सारंगाच्या नातवाने होडी वाळूत घालून गुपचूप ढकलत बसावं, हे त्या ताठ्याला काही केल्या पचेना.

"बाई!" तो ओरडला. इतक्या जोरात की कुंपणापलीकडे सुलोचनाकाकींची कळशी खाली पडल्याचा आवाज आला. "होडी वाळूत बसली!"

बाई काठीसकट वळल्या.

"कोणाची?"

"माझी. मीच घातली." त्याने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "मला... मला आत घेत नाही."

बाई आल्या. पदराने चष्मा पुसला, नाकावर ठेवला, आणि शाळेत वाचत तसं एकेक अक्षर सुटं करून वाचलं.

"'आधी... स्वतःला... अद्ययावत करा... मग या.'"

आणि मग त्या जे हसू लागल्या! काठी हातातून गळाली, डोळ्यांत पाणी आलं, आणि माडावरचा कावळा कोणी न हाकलता उडून गेला.

"हसा, बाई. हसा."

"हसू नको तर काय करू? अरे, आज तिथी कुठली?"

"तिथी? थांबा, मोबाइलमध्ये..."

"मोबाइल राहू दे. काल नवमी होती. मग आज?"

"दशमी."

"आणि तू काय धरलीस?"

केतन पडद्याकडे बघत राहिला. नवाच्या पुढचा दहा. त्याचं शून्य पुसून त्याने एक करून ठेवला होता.

"...प्रतिपदा."

"दशमीची प्रतिपदा! आणि तीही सारंगाच्या घरात!" बाईंनी कपाळावर हात मारला. "प्रतिपदेला भरती किती वाजता?"

"पाऊण वाजता."

"आणि दशमीला?"

"साडेसातला."

"मग आज प्रतिपदा समजून कोणी पाऊण वाजता खाडीच्या तोंडाशी होडी घातली, तर खाली काय लागेल त्याला?"

साडेसातची भरती. म्हणजे पाऊण वाजेपर्यंत पाणी पार तळाला गेलेलं. केतनला खाडीचं ते तोंड डोळ्यांसमोर दिसलं.

"वाळू, बाई."

"वाळू."

 मग केतनच्या अंगात सातवीतला केतन आला.

"पण बाई, दशांशचिन्हापुढचं शेवटचं शून्य पुसलं तरी चालतं, हे मला शिकवलं कोणी?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. क्षणभर त्याला वाटलं, आता काठी बसते.

"मीच," त्या म्हणाल्या. "फळ्यावर चालतं ते. खाडीत नाही."

केतन खाली बसला आणि त्याने दार दुरुस्त केलं. राखणदाराला सांगितलं, बाबा रे, हा अपूर्णांक नव्हे. ठिपक्याच्या अलीकडचं वेगळं मोज, पलीकडचं वेगळं मोज. नवानंतर दहा. यावेळी त्याने ती ओळ वाचली, पुन्हा वाचली, बोट ठेवून वाचली. बटण दाबलं. दार उघडलं, आणि उधाणने सांगितलं: भरती, सकाळी साडेसातच्या सुमारास.

"झालं?" बाईंनी विचारलं.

"झालं."

पण लॅपटॉपचं झाकण त्याच्याने मिटवेना.

पाटी तशीच होती. त्याने स्वतः लिहिलेली, ठसकेबाज. मघाशी ती जेव्हा त्याच्याच तोंडावर आली, तेव्हा त्याला राग आला नव्हता. वाईट वाटलं होतं. खरंच, फार वाईट वाटलं होतं. ज्या घरात वर्षानुवर्षं राबलो, त्याच घराच्या दारात कोणीतरी विचारावं, 'आपण कोण?' तसं काहीसं. आणि तो निदान दार दुरुस्त करू शकत होता. शंभरातले ते चार-पाच काय करणार होते?

बाई उठून आत गेल्या. आतून भांड्यांचा आवाज आला.

केतनने पाटी पुसली. नवी लिहिली. तीही पुसली. विनंती फार झाली असं वाटलं, मग उपदेश फार झाला असं वाटलं. दार लिहायला एक ओळ पुरली होती, पाटी लिहिताना त्याला घाम फुटला.

बाई कोकमाचं सरबत घेऊन आल्या तेव्हा त्याने वाचून दाखवलं. ठसका नव्हता आता.

"'उधाणची ही नवी आवृत्ती तुमच्या संगणकावर चालणार नाही. याआधीची चालते. ती इथे ठेवली आहे, घेऊन जा. तिची भरतीची वेळ बरोबर आहे.'"

"बरोबर आहे. आणि पुढेही बरोबर राहील कशावरून? टाकलीस ना ती तू?"

"नवं काही घालणार नाही तिच्यात. तेवढं बळ नाही माझ्यात, बाई, खरंच नाही. पण वेळ चुकतेय असं कोणी कळवलं, तर दुरुस्त करून देईन."

"कधीपर्यंत?"

मघाचा केतन असता तर त्याने तारीख फेकली असती. हा केतन सरबताचा पेला हातात फिरवत राहिला.

"झेपेल तोवर," तो म्हणाला. "आणि झेपेनासं झालं, की मीच आधी ओरडून सांगेन."

"हं," बाई म्हणाल्या.

बाईंचा 'हं' दोन तऱ्हेचा असे. एक आखूड, तो मघाशी येऊन गेला होता. दुसरा लांब, थोडा वर चढणारा. अख्ख्या वर्गाला न सुटलेलं गणित कोणी सोडवलं तरच तो निघे, आणि ज्याच्या वाट्याला येई तो पोरगा आठवडाभर छाती काढून हिंडे. केतनने तो शाळा सुटल्यापासून ऐकला नव्हता. परदेशात लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या त्याच्यासाठी, पण आत्ता जे वाटलं ते तेव्हा वाटलं नव्हतं. त्याने सरबताचा पेला एका दमात रिकामा केला.

"बाई... किल्ली?"

"घे की."

केतन उठला. त्याने उंबऱ्यातून आत बघितलं. एवढी वर्षं त्याने ती किल्ली मनात शंभर जागी ठेवून बघितली होती.

"कपाटात आहे का?"

"कपाटात कशाला?"

"मग... देवांमागे?"

"देवांना कशाला त्रास?"

"मग कुठे, बाई?"

"सकाळी हातात धरली होतीस की."

केतन जागच्या जागी उभा राहिला. मग उंबऱ्यावरून मागे फिरला, पडवीच्या टोकाला गेला आणि कौलाखाली हात घातला.

जुडगं हातात आलं. पितळी किल्ली, आणि लाल दोऱ्यात ओवलेलं ते काळं, चपटं. त्याने त्यावरची धूळ अंगठ्याने पुसली. खाली चिकटपट्टीचा तुकडा होता, आणि त्यावर बाईंचं फळ्यावरचं गोल अक्षर.

उधाण.

"बाई!" त्याने जुडगं मुठीत घट्ट धरलं. "जगभरातली माणसं या मोहोरेवर विश्वास ठेवून... आणि ही इथे? इतकी वर्षं? अहो, येणाऱ्या-जाणाऱ्या कोणीही नेली असती!"

कावळा पुन्हा आला होता. बाईंनी वाकून काठी उचलली.

"घराची किल्ली," त्या म्हणाल्या, "कोणी घरात ठेवतं का रे?"